इचिरोला कुणी विचारलं नाही

2025 च्या आशिया चषकाच्या दिवसांत आमच्या पुण्यातल्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो वाद झाला, तो अमेरिकेत, सिएटलजवळ राहणाऱ्या माझ्या डोक्यातून अजून जात नाही. 14 सप्टेंबरला दुबईत भारत-पाकिस्तान सामना होता. पहलगामनंतर हा सामना खेळू नये, कुणी बघूही नये, असं आमचे एक काका ग्रुपवर ठणकावून सांगत होते. सामना झाला, भारत जिंकला, खेळाडूंनी हस्तांदोलन केलं नाही. आठवड्याने, 21 तारखेला, तेच दोन संघ पुन्हा भिडले तेव्हा याच काकांनी मला विचारलं, "देशाची मॅच चालू आहे आणि तुझा एक शब्द नाही. तिकडच्या बेसबॉलचे फोटो मात्र रोज टाकतोस. तुम्ही गेलात ते गेलातच." त्याखाली भराभर अंगठे पडले. बघू नका म्हणणाऱ्यांचेही होते त्यात.

तेव्हा मी गप्प बसलो. आता बोलतो.

19 सप्टेंबरच्या शुक्रवारी सकाळी आमचा सिएटल मॅरिनर्स आणि ह्यूस्टन ॲस्ट्रोज या बेसबॉल संघांच्या खात्यावर सारखेच 84 विजय आणि सारखेच 69 पराभव होते. सामने उरले होते नऊ, आणि त्यातले पुढचे तीन ह्यूस्टनमध्ये एकमेकांविरुद्ध. त्याच शुक्रवारी वॉशिंग्टनहून एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाबद्दलचा हुकूम निघाला. एक लाख डॉलर शुल्क, अंमल रविवारपासून. ते कुणाला लागू, कुणाला नाही, पहिल्या रात्री कुणालाच कळत नव्हतं. सिएटलशेजारच्या आमच्या बेलव्ह्यू-रेडमंडमध्ये ज्यांची माणसं त्या आठवड्यात भारतात गेलेली होती, ती मिळेल त्या विमानाने परत निघाली. शनिवारी खुलासा आला की जुन्या व्हिसावाल्यांना हे लागू नाही. त्या तीन दिवसांत लॅपटॉपवर एकीकडे वकिलाचे ईमेल आणि दुसरीकडे ह्यूस्टनचा सामना असं माझं चालू होतं. मॅरिनर्सनी तिन्ही सामने जिंकले. त्या शनिवार-रविवारी मला कशाने उभं ठेवलं असेल तर त्या तीन विजयांनी. आणि घरून आलेला प्रश्न काय, तर भारताच्या मॅचबद्दल का लिहिलं नाहीस. व्हिसाचं काय झालं हे कुणी विचारलं नाही.

1990 मध्ये ब्रिटनमधले हुजूर पक्षाचे नेते नॉर्मन टेबिट म्हणाले होते की आशियाई स्थलांतरित क्रिकेटमध्ये कुणाच्या बाजूने ओरडतात, यावरून त्यांची निष्ठा तपासावी. आपल्याकडे त्यांचं नाव काढलं की अजून लोक चिडतात, आणि चिडावंच. मग तीच परीक्षा आपण आपल्याच माणसांची घ्यायची, हे कसं चालतं?

इथे सिएटलमध्ये मॅरिनर्सकडून इचिरो सुझुकी खेळला. 2001 मध्ये जपानहून आला आणि पहिल्याच वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या वर्षी मॅरिनर्सनी 116 सामने जिंकून 1906 च्या शिकागो कब्सच्या विक्रमाशी बरोबरी केली. 2009 च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये हाच इचिरो जपानकडून खेळला आणि कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात दहाव्या इनिंगला (बेसबॉलच्या सामन्यात एरवी नऊच असतात) त्याच्याच फटक्याने जपान जिंकला. तू नक्की कुणाचा, असं सिएटलने त्याला कधी विचारलं नाही. 2025 च्या उन्हाळ्यात तो बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला आणि ऑगस्टमध्ये संघाने त्याच्या जर्सीचा 51 नंबर कायमचा निवृत्त केला. 2025 च्या संघातला रँडी अरोझारेना क्युबात जन्मला आणि मेक्सिकोकडून खेळतो. जॉश नेलर टोरांटोच्या शेजारच्या मिसिसागाचा, आणि ऑक्टोबरमध्ये त्याने टोरांटोतच, घरच्या लोकांसमोर, टोरांटोविरुद्ध होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारला. मुळात हा संघ इथे राहिला तोच निन्टेन्डो या जपानी व्हिडिओ गेम कंपनीच्या हिरोशी यामाउचींमुळे. 1992 मध्ये संघ फ्लोरिडाला जायच्या बेतात होता. क्योटोत बसलेल्या यामाउचींनी तो घेतला. परदेशी मालक नको म्हणून बेसबॉलच्या वरिष्ठांनी तेव्हा बराच विरोध केला होता, हेही खरं. पण गावाने त्यांचे आभारच मानले.

गाव आणि संघ यांचं नातं म्हटलं की मला पुणं आठवतं आणि राग येतो. 2017 ची आयपीएल फायनल रायझिंग पुणे सुपरजायंट एका धावेने हरलं. तो संघ दोनच वर्षांसाठी होता हे मला माहीत आहे. त्याआधी पुणे वॉरियर्स आला आणि गेला, त्याला काय म्हणायचं? पुण्याला दोनदा संघ मिळाला, दोनदा गेला, आणि कोथरूडमधली आमची माणसं पुढच्या वर्षी पिवळे शर्ट घालून चेन्नईकडून ओरडायला लागली. काकासुद्धा. आपल्या गावचा संघ गेल्याचं कुणाला काही वाटल्याचं मी पाहिलं नाही. सिएटलचा पहिला बेसबॉल संघ पायलट्स. 1969 चा एक हंगाम खेळला, दिवाळं वाजलं, आणि पुढचा हंगाम सुरू व्हायला काही दिवस असताना मिलवॉकीला गेला. इथल्या लोकांनी अमेरिकन लीगला कोर्टात खेचलं आणि त्या खटल्यातून 1977 मध्ये मॅरिनर्स मिळवले. संघासाठी शहर असं भांडताना मी आपल्याकडे पाहिलेलं नाही.

आशिया चषकासारखी क्रिकेटची स्पर्धा तीन आठवड्यांत आटोपते. इथे 162 सामने असतात, जवळजवळ रोज एक, मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत. एप्रिलमध्ये गारठ्यात हरलेला एक सामना सप्टेंबरमध्ये नडतो. 2021 मध्ये 90 सामने जिंकूनही आम्ही शेवटच्या दिवशी प्लेऑफच्या शर्यतीतून बाहेर पडलो. 2023 मध्ये एका विजयाने हुकलं. 2024 मध्ये जूनमध्ये दहा सामन्यांची आघाडी होती, ती महिन्याभरात गेली, ऑगस्टमध्ये मॅनेजरला काढलं, आणि पुन्हा एका विजयाने हुकलं. मधल्या 2022 मध्ये 30 सप्टेंबरच्या रात्री नवव्या इनिंगला, दोन बाद असताना, आमचा कॅचर (यष्टिरक्षकासारखा खेळाडू) कॅल रॅली याने ओकलंडविरुद्ध होमरन मारला आणि 21 वर्षांनी आम्ही प्लेऑफमध्ये गेलो. मी स्टेडियममध्ये वर, तीनशे नंबरच्या रांगांत होतो. शेजारचे आजोबा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होते. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही. त्या रात्री छप्पर उडेल एवढा आवाज होता, आणि या देशात आल्यापासून पहिल्यांदा मला माझ्या उच्चारांची काळजी वाटली नाही.

पण सगळं तेवढं गोड नाही, आणि तेही सांगायला हवं. ह्यूस्टनहून संघ परत आला. 24 सप्टेंबरला कोलोरॅडोविरुद्ध जिंकलं की 2001 नंतर पहिल्यांदा आमच्या डिव्हिजनचं, म्हणजे गटाचं, विजेतेपद पक्कं. ऑफिसातून निघालो, 550 नंबरच्या बसने इंटरनॅशनल डिस्ट्रिक्टला उतरून चालत गेलो. गार्लिक फ्राइजच्या रांगेत माझ्यामागे रॅलीची 29 नंबरची जर्सी घातलेला एक माणूस मित्राला सांगत होता की एक लाख कमीच आहेत, या लोकांनी इथल्या पोरांच्या नोकऱ्या खाल्ल्या. हळू आवाजात नव्हे. माझ्या अंगावरही 29 नंबरचीच जर्सी होती. मी मागे वळलो नाही. पुढे पाहतो तर तो माझ्याच सेक्शनमध्ये, दोन रांगा खाली. आठव्या इनिंगला रॅलीने मोसमातला साठावा होमरन मारला. कुठल्याही कॅचरने आजवर इतके मारले नव्हते. दोन्ही बाजूंनी बॅट चालवणाऱ्यांतला मिकी मँटलचा 54 चा आणि मॅरिनर्सकडूनचा केन ग्रिफीचा 56 चा विक्रम तर तो आधीच मागे टाकून बसला होता. सगळे उभे राहिले. तो माणूस वळून दिसेल त्याच्या हातावर टाळी देत सुटला, माझ्यापर्यंत आला, आणि मी टाळी दिली. जोरात दिली. मला ती द्यायची होती.

हे मी काकांना कसं समजावणार? ते म्हणतील, बघ, तिथे तुला कोण विचारतंय. बरोबर असेल. ग्रीन कार्डच्या रांगेत माझा नंबर कधी लागेल हे कुणी सांगू शकत नाही. पण परतून मी जिथे यायचं, तिथे तरी मला कोण विचारतंय? आशिया चषकाचा अंतिम सामना 28 तारखेला भारताने जिंकला, मला आनंद झाला. मी स्कोअर पाहिला आणि भांडी लावायला गेलो. ह्यूस्टनमधल्या मॅरिनर्सच्या तिसऱ्या विजयानंतर मात्र मला रात्रभर झोप नव्हती. हा फरक मला दिसतो आणि त्याची भीतीही वाटते, कारण लहानपणी सचिन बाद झाला की मी जेवत नसे.

ऑक्टोबर असा आला की काही मागायचं उरलं नाही असं वाटावं. प्लेऑफमध्ये डेट्रॉईटविरुद्धचा पाचवा, निर्णायक सामना पंधरा इनिंग चालला आणि आमच्या पोलांकोने तो संपवला. मग टोरांटोविरुद्ध सात सामन्यांची मालिका. तिथे जाऊन पहिले दोन्ही सामने जिंकले. पाचव्यात इथे आमच्या सुआरेझने आठव्या इनिंगला ग्रँड स्लॅम, म्हणजे चार धावांचा होमरन, मारला, तेव्हा आम्हाला एकच विजय हवा होता. मॅरिनर्स वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम फेरीत, कधीच गेलेले नाहीत. असा दुसरा संघ मेजर लीगमध्ये नाही. सहावा हरलो. सातव्या सामन्यात 3-1 ने पुढे असताना सातव्या इनिंगला जॉर्ज स्प्रिंगरने तीन धावांचा होमरन मारला. हा स्प्रिंगर पूर्वी ह्यूस्टनचा, ते आणखी वर. 4-3 ने हरलो.

ती 20 ऑक्टोबरची संध्याकाळ. पुण्यात 21 ची सकाळ, लक्ष्मीपूजनाचा दिवस. ग्रुपवर कंदील, रांगोळ्या, चकल्यांचे फोटो येत होते. मी सगळ्यांना फोन केला, शुभेच्छा दिल्या, काकांना नमस्कार सांगितला. सामन्याचं काही बोललो नाही. त्या वेळी मला काय झालंय हे न सांगता कळलं असतं अशी माणसं फक्त या शहरात होती, आणि त्यांच्यात तो फ्राइजच्या रांगेतला माणूसही होता.