‘आधी शिका, मग लिहा’ म्हणणाऱ्या वाचकास

‘आर’ या आकडेमोडीच्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या डेटा टाइपवरच्या (माहितीच्या प्रकारांवरच्या) माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं: मी इंटिजर (पूर्णांक) आणि डबल (दशांशही ठेवणारी संख्या) दोन्ही ‘न्यूमेरिक’च्या, म्हणजे संख्येच्या, एकाच पोत्यात कोंबले, रॉ (कच्चे बाइट) गाळला, फॅक्टर (ठराविक गटांची माहिती) दोन ओळींत उरकला, केळी-कापसाची उदाहरणं पोरकट आहेत. आणि शेवटी, ‘आधी शिका, मग लिहा.’

रॉ राहिला होता, आज एक ओळ टाकली. केळीचं म्हणाल तर रावेर-यावलच्या पोरांना काय स्ट्रॉबेरीची उदाहरणं देऊ? असो.

पण ‘आधी शिका’ हे कोणाला सांगताय? आर ४.० यायच्या आधीपासून मी भुसावळला पोरांना हीच भाषा शिकवतोय. त्यातली निम्मी चोपडा-पारोळ्याकडून एसटीने येतात, घरी कॉम्प्युटर नाही. त्यांच्यासमोर पहिल्याच तासाला इंटिजर-डबलचं पुराण लावून बघा एकदा, भाऊ. दुसऱ्या तासाला कोण येतं ते मोजायला आर लागणार नाही.

५ लिहिलं की आर ते डबल म्हणून साठवतो, इंटिजर हवा तर पुढे मोठा एल (5L) लावावा लागतो. हे मला तुमच्याकडून कळलेलं नाही. आरच्या टाइपऑफ फंक्शनला विचारा, ‘डबल’ म्हणेल; क्लास फंक्शनला विचारा, ‘न्यूमेरिक’ म्हणेल. म्हणजे ते पोतं आरनेच शिवलंय! दोन इंटिजरचा भागाकार केला तरी ५ भागिले २ चे अडीचच येतात, सी भाषेसारखे २ नाही. फरक कुठे चावतो? इंटिजरची मर्यादा २१४७४८३६४७. त्यात इंटिजर १ मिळवला की उत्तर एनए (म्हणजे किंमतच नाही), सोबत वॉर्निंग. साधं ५ लिहिणाऱ्या नवशिक्याच्या वाटेला हे येतच नाही.

त्याच्या वाटेला काय येतं ते सांगतो. एक मुलगी कापसाच्या भावांची फाइल घेऊन आली होती. एका खान्यात कोणीतरी नुसती ‘-’ टाकलेली. तेवढ्यावरून अख्खा कॉलम मजकूर झाला, आणि जुन्या आरने (२०२० मध्ये ४.० आलं, तोवर फाइल वाचणारं रीड.सीएसव्ही मजकुराचा आपोआप फॅक्टर करायचं) त्याचा फॅक्टर केला. तिने त्याच्या संख्या करायला ॲज.न्यूमेरिक लावलं. हाती भाव नाहीत, लेव्हलचे (फॅक्टरमधल्या वेगवेगळ्या नोंदींचे) क्रमांक आले. एरर नाही, वॉर्निंगही नाही, आणि क्विंटलचा सरासरी भाव निघाला साडेतीन रुपये! आधी ॲज.कॅरेक्टरने मजकूर, मग ॲज.न्यूमेरिकने संख्या, एवढं कळायला तिचा दिवस गेला. लेखात मी मजकूर-संख्येच्या गोंधळावर भर दिला तो यासाठी. तुम्ही तिथवर वाचलंत की नाही, शंका आहे.

फॅक्टरवर सविस्तर लेख येतोय. त्यावरही टीका करा, फक्त ‘एक संख्याशास्त्रज्ञ’ऐवजी नाव लिहा.