‘बाराखडी पाठ झाली की मूल वाचायला लागतं’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी एवढं वाचा

शाळा सुरू व्हायची वेळ आली की व्हॉट्सॲपवर तो मेसेज परत फिरायला लागतो, यंदाही पालकांच्या तीन-चार ग्रुपवर दिसला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं, की पूर्वी गुरुजी बाराखडी घोकून घ्यायचे आणि पहिलीतच सगळी पोरं घडाघडा वाचायची, मराठी जशी बोलतो तशीच लिहितो म्हणून अक्षरं आली की वाचन आलंच, आता शाळेत गोष्टी-गाणी-चित्रं असला टाइमपास चालतो म्हणून पाचवीतल्या पोराला वाचता येत नाही, आणि उपाय काय तर तिसऱ्या वर्षापासून घरी रोज बाराखडी लिहून घ्या. मी पहिली-दुसरीला शिकवते आणि या मेसेजपायी घरी रडकुंडीला आलेली मुलं वर्गात बघते, म्हणून एकेक मुद्दा घेतेच.

पहिलं, ‘पूर्वी सगळी पोरं वाचायची’. कुठली सगळी? १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता साधारण ३५ टक्के होती, २०११ मध्ये ती ८२ टक्क्यांच्या वर गेली. ज्यांना घोकून जमलं नाही ती मुलं पहिली-दुसरीतच शाळा सोडून गुरं वळायला गेली, आणि कितीतरी मुली तर शाळेच्या दारापर्यंतही आल्या नाहीत, त्यांची मोजदाद या आठवणीत नसतेच, कारण आठवणी लिहिणारे सगळे जमलेल्यांपैकी. आणि जुने गुरुजी सुद्धा क ख ग घ पासून कुठे सुरू करायचे, पाटीवर गिरवायचं ते ‘ग म भ न’, कारण त्या अक्षरांची वळणं एकमेकांसारखी आहेत. म्हणजे वर्णमालेच्या क्रमानेच शिकवलं पाहिजे हा हट्ट जुन्या लोकांचाही नव्हता.

काळजी मात्र खरी आहे, ती मी नाकारत नाही. ग्रामीण भागात घरोघरी जाऊन होणाऱ्या ‘असर’ पाहणीत २०२४ साली देशभरात सरकारी शाळेतल्या तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली, २०२२ मध्ये, कोरोनात शाळा बंद राहिल्यानंतर, हाच आकडा १६.३ होता. हे भयंकर आहे. पण त्याचं कारण ‘बाराखडी कमी घोकली’ हे नाही.

आता मुख्य मुद्दा, ‘जसं बोलतो तसं लिहितो, त्यामुळे अक्षरं आली की वाचन आलं’. वर्गात काय दिसतं ते सांगते. एक मुलगा क का कि की कु कू एका दमात म्हणतो, कुठे अडत नाही, बोटही तक्त्यावर बरोबर सरकतं. मग मी तक्ता झाकून नुसता ‘कू’ फळ्यावर लिहिते आणि विचारते हे काय. तो मनातल्या मनात क पासून सुरू करतो, ओठ हलताना दिसतात, बोटं मोजतो आणि मग ‘कू’ म्हणतो. ‘मू’ लिहिला तर तिथे म पासून परत सगळं. याला वाचन नाही म्हणत, हे चालीवर पाठ झालेलं आहे. खुणेकडे बघून आवाज आठवायला हवा, तो थेट यायला हवा, रांगेत उभं राहून नाही.

आणि ‘जसं बोलतो तसं’ हे आपल्याला वाटतं कारण आपल्याला आधीच येतं. क-म-ळ ही तीन अक्षरं पोर सुटी वाचतं तेव्हा प्रत्येकात ‘अ’ असतो, जोडताना शेवटचा ‘अ’ गायब करावा लागतो, ‘करवत’ म्हणताना मधलाही. ‘कि’ मध्ये वेलांटी आधी दिसते आणि उच्चार नंतर. चमचा मधला च वेगळा आणि चमचे मधला वेगळा. आंबा, पंखा, सिंह, तिन्हीकडे डोक्यावर टिंब एकच पण तोंडातून निघतं वेगवेगळं. र तर सूर्य, चक्र, ट्रक, दुसऱ्या अशा प्रत्येक ठिकाणी नवीन रूप घेऊन येतो. यातलं काहीच मुलाला आपोआप उमगत नाही, दाखवावं लागतं, सावकाश, खऱ्या शब्दांतून.

हिशोबच करा. ३४ व्यंजनं गुणिले १२ म्हणजे ४०८ रूपं, त्यात २००९ पासून ॲ आणि ऑ अधिकृतपणे वर्णमालेत आले ते धरले तर आणखी, आणि जोडाक्षरं तर वेगळीच. आधी सगळी मुळाक्षरं, मग सगळी बाराखडी, मग शब्द, असं गेलात तर अर्धं वर्ष मुलाच्या वाट्याला नळ बघ, बदक बघ एवढंच येतं. बाबा, शाळा, पाणी, भाकरी यातला एकही शब्द काना-वेलांटीशिवाय लिहिता येत नाही, स्वतःचं नाव सुद्धा बहुतेकांना नाही! याउलट क, म, ब, ल ही चार अक्षरं आणि सोबत फक्त काना दिला तर मामा, काका, बाबा, काम, लाल, माल, मला, बाक, कमाल एवढे शब्द पहिल्या काही आठवड्यात हातात येतात, आणि पोराला कळतं की अरे, हे तर मी बोलतो तेच कागदावर आहे. फलटणला भाषातज्ज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी सुरू केलेल्या कमला निंबकर बालभवन या शाळेत अक्षरांचे असे छोटे गट करून, काना-मात्रा सुरुवातीपासूनच सोबत घेऊन शिकवायची पद्धत घडली. आमच्यासारख्या साध्या शाळेतही ती जमते, त्याला महागडं काही लागत नाही.

‘गोष्टी-गाणी म्हणजे टाइमपास’, यावर मला सगळ्यात जास्त राग येतो. गॉफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ मध्ये एक साधं सूत्र मांडलं, की वाचन म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्यच. मेळघाटातलं मूल घरी कोरकू बोलतं, आणि कोरकू तर मराठीच्या कुळातलीच भाषा नाही, पालघरकडच्या मुलाची वारली पुस्तकी मराठीपेक्षा वेगळी. अशा मुलाने ‘अंगण’ अचूक वाचलं पण तो शब्द कधी कानावरच पडलेला नसेल तर त्याने काय वाचलं? ते शब्द, ती लांब वाक्यं गोष्टींतूनच येतात, गप्पांतून येतात. शहरातल्या मुलालाही ‘त्याने सांगितले’, ‘मांजर निघून गेले’ असली पुस्तकातली मराठी कुणीतरी वाचून दाखवल्याशिवाय ऐकायला मिळत नाही, घरी आपण ‘सांगितलं’, ‘गेलं’च बोलतो.

मात्र उलट टोकाला जाऊन ‘मुलांना पुस्तकांत सोडा, वाचन आपोआप येईल’ म्हणणारेही आहेत, तेही मला पटत नाही. काही मोजक्यांना येतं तसं, बहुतेकांना नाही. चित्र बघून अंदाजाने ‘मांजर’ म्हणणं म्हणजे ‘मांजर’ वाचणं नव्हे. अक्षरं शिकवावीच लागतात, रोज, नीट. गोष्ट की अक्षर असा वादच चुकीचा आहे, एकाच दिवसात दोन्ही हवं.

तिसऱ्या वर्षापासून लिहून घेण्याबद्दल जास्त बोलत नाही. त्या वयात बोटांना पेन्सिल नीट धरून लिहायची ताकद नसते. फिनलंडमध्ये शाळाच सातव्या वर्षी सुरू होते आणि तिथली मुलं काही वाचनात मागे राहिलेली नाहीत. तीन वर्षांच्या मुलाशी भरपूर बोला, चित्रं दाखवा, मातीत रेघोट्या मारू द्या, पानंच्या पानं कशाला?

शेवटचं, ‘आम्ही शिकलेलो नाही, आम्ही घरी काय करणार’. हे मेसेजमध्ये नाही पण तो वाचून आया मला हेच विचारतात. भेंड्या खेळा ना! गावांच्या, भाज्यांच्या, माणसांच्या नावांच्या. ‘नाशिक’ म्हटलं की क वरून शब्द शोधायचा, यात मुलाचा कान शब्द तोडायला शिकतो, शेवटचा आवाज पकडायला शिकतो, आणि वाचनाची अर्धी तयारी तिथेच होते. आजीने सांगितलेली गोष्ट उद्या मुलाला परत सांगायला लावा. ज्यांना वाचता येतं त्यांनी झोपताना दहा मिनिटं वाचून दाखवा, शब्दाखाली बोट फिरवत.

आणि मूल वाचतंय का हे तपासायचं तर त्याचं पाठ्यपुस्तक देऊ नका, ते पाठ असतं, पान उलटं धरलं तरी कविता म्हणतील. दुकानाची पाटी द्या, लग्नपत्रिका द्या, एसटीचा बोर्ड दाखवा. अडलं तर नक्की कुठे अडलं ते बघा, अक्षर ओळखलं नाही, काना-मात्रा चुकली, जोडाक्षराला थांबलं, की सगळं वाचून अर्थच सांगता आला नाही. शाळेत आलात की शिक्षकांना ‘याला काहीच येत नाही’ असं सांगू नका, ‘उकाराला अडतो’ असं सांगा, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याच्याशी काय करायचं ते आम्हाला कळतं.