मीठ आणि इथेनॉल वापरून काढलेला डीएनए निकामी नसतो

नागपूर परिसरातील सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराने ग्रस्त कुटुंबांमध्ये एक संदेश फिरतो आहे. महागड्या किटशिवाय रक्तातून काढलेला डीएनए अशुद्ध असल्याने अहवाल चुकतो, रक्त कमी असलेल्या रुग्णाच्या नमुन्यात डीएनए पुरेसा नसतो आणि नमुना लगेच न गोठवल्यास वाया जातो, असे त्यात म्हटले आहे. विदर्भात या भीतीपोटी एका जोडप्यानेही तपासणी टाळली, तरी ती हानी गंभीर आहे.

पहिला दावा सर्वांत घातक आहे. मिलर, डायक्स आणि पोलेस्की यांनी 1988 मध्ये मांडलेल्या पद्धतीत तांबड्या पेशी फोडून काढून टाकतात, पांढऱ्या पेशी डिटर्जंटने उघडून प्रोटीनेज-के या विकराने त्यांतील प्रथिने पचवतात, उरलेली प्रथिने मिठाच्या संपृक्त द्रावणाने खाली बसवतात आणि वरच्या निवळीत इथेनॉल घालताच डीएनएचे पांढरे धागे दिसू लागतात. त्याची शुद्धता अंदाजाने ठरवत नाहीत. 260 आणि 280 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाच्या शोषणाचे गुणोत्तर 1.8 च्या आसपास आले की प्रथिने पुरेशी निघाली असे मानतात. बीटा-ग्लोबिन जनुकातील सिकलसेलचा एका अक्षराचा बदल पीसीआरने (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या तंत्राने) शोधण्यास असा डीएनए पूर्णपणे योग्य असतो. नमुने शेकड्यांनी येत असतील तर किटमुळे वेळ वाचतो, हे मान्यच आहे. अडथळा येतो तो बहुधा रक्ताची गुठळी रोखणाऱ्या हेपरिनच्या नळीमुळे किंवा हिमोग्लोबिनमधील उरलेल्या हीममुळे, कारण दोन्ही पीसीआर रोखतात. आणि नळीवरचे नाव चुकले, तर कोणतेही किट अहवाल वाचवू शकत नाही.

दुसऱ्या दाव्यात तांबड्या आणि पांढऱ्या पेशींची गल्लत आहे. माणसाच्या परिपक्व तांबड्या पेशींत डीएनए असलेले केंद्रक नसते, डीएनए पांढऱ्या पेशींतून मिळतो, म्हणून हिमोग्लोबिन कमी असल्याने डीएनए घटत नाही. सिकलसेलच्या रुग्णांत तर पांढऱ्या पेशी अनेकदा वाढलेल्या असतात. एक मिलिलिटर रक्तातून साधारण 20 ते 40 मायक्रोग्रॅम डीएनए मिळतो, तर एका पीसीआरला सुमारे 50 ते 100 नॅनोग्रॅम पुरतो.

गोठवण्याचा सल्ला तर या पद्धतीत उलटच पडतो, कारण गोठताना पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्या वेगळ्या काढता न आल्याने हाती येणारा डीएनए घटतो. गुठळी रोखणारे ईडीटीए हे रसायन असलेल्या जांभळ्या झाकणाच्या नळीतले रक्त 4 अंश सेल्सिअसला काही दिवस चांगले राहते. नागपूरच्या मे महिन्यातील उन्हात मात्र नळी गाडीत तशीच ठेवू नये. बर्फाला थेट न टेकवता शीतपेटीत ठेवून ती प्रयोगशाळेत पोहोचवावी.