तीन एकरात 400 मीटरचा ट्रॅक? आधी टेप लावा

पावसाळा सरला की खानदेशातल्या क्रीडा ग्रुपांवर तालुका क्रीडा संकुलांविषयीचा एक मजकूर फिरू लागतो. तीन एकरात 400 मीटरचा ट्रॅक सहज बसतो, आत क्रिकेट-फुटबॉल दोन्ही होतं, काळ्या जमिनीवर मुरूम टाकून रोलर फिरवला की काम झालं आणि सिंथेटिक (रबरासारखा कृत्रिम थर) अंथरलं की कटकट कायमची मिटते, असं त्याचं म्हणणं. निवेदनांतही हेच उतरवलं जातं, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

तीन एकर म्हणजे साधारण 12,140 चौरस मीटर. प्रमाण ट्रॅकची सरळ बाजू 84.39 मीटर, वळणाची त्रिज्या 36.50 मीटर, लेनची रुंदी 1.22 मीटर. आठ लेनचा ट्रॅकच 176.91 बाय 92.52 मीटर जागा घेतो, म्हणजे चार एकर. हॉल, गॅलरी, कबड्डी-खो-खोची मैदानं याच्याबाहेर. जागा तीनच एकर असेल तर 200 मीटरचा नीट मोजलेला ट्रॅक करावा. वळणं दाबून बसवलेल्या ‘चारशे’वर पोलीस भरतीच्या 1600 मीटरची तयारी करणाऱ्या पोरांची वेळच चुकीची निघते.

फुटबॉलचं मैदान (105 बाय 68) आत बसतं, पण कोपऱ्यांपाशी जेमतेम मीटरभर जागा उरते. क्रिकेटचं गणित जमतच नाही. मोठ्या सामन्यांत सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून किमान 59.43 मीटरवर लागते, इथे आडव्या बाजूला 36.50 मीटरवरच ट्रॅक सुरू होतो. चेंडू धावणाऱ्यांच्या अंगावर येतो आणि मधली टणक खेळपट्टी फुटबॉलवाल्यांचे गुडघे फोडते.

खरी मेख मातीत आहे. तापी-गिरणा काठची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर वीतभर मुरूम टाकला तर पहिल्या दोन पावसांत तो खाली दबतो आणि काळी माती वर येते. मुरूम कमी पडला असं समजून दरवर्षी नवे डंपर ओततात, तरी तेच होतं. भेगा जिथवर जातात तिथवरची काळी माती काढून मुरूम 15-15 सेंटीमीटरच्या थरांनी भरावा, प्रत्येक थराला पाणी मारून रोलिंग करावं. एकदम दोन फूट भरलं तर रोलर फक्त वरचा भाग दाबतो, खालचा पोकळच राहतो.

दुसरी चूक उताराची. ट्रॅकला आतल्या बाजूस 100 ला 1 पेक्षा जास्त उतार चालत नाही, म्हणजे आठवी लेन पहिलीपेक्षा फार तर 10 सेंटीमीटर उंच. हा फरक पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने (लेव्हल ट्यूब) मोजूनच कळतो, नजरेने नाही. उतरलेलं पाणी आतल्या कडेच्या नालीत जातं. ती मुरमाने बुजली की पहिल्या लेनमध्ये चिखल होतो, पोरं बाहेर सरकतात. आठव्या लेनची फेरी 453 मीटरची, चार फेऱ्यांत 1600 ऐवजी 1812 मीटर होतात.

राहिला सिंथेटिकचा मुद्दा. 2022 मध्ये तालुका संकुलाची अनुदान मर्यादा 1 कोटीवरून 5 कोटींवर गेली, त्यामुळे ही मागणी वाढली. पण तो थर 13 मिलिमीटरच्या आसपास, त्याखाली डांबर. खालची जमीन हलली की डांबर तडकतं आणि तोच तडा वर उमटतो. निवेदन देण्याआधी सातबाऱ्यावरचं क्षेत्र बघा, एप्रिल-मे मध्ये मैदानाच्या चार कोपऱ्यांत आणि मध्यावर खड्डे घ्या आणि भेगांची खोली मोजून अंदाजपत्रकात खोदाई व भराव वेगळे लिहायला लावा.