अठरा दिवसांची पाहुणी आणि सात सीटची गाडी

आप्पांना नवी गाडी घ्यायची आहे. जुनी २०११ सालची. चालते अजून, पण चौघं बसले की साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात एसी बंद करावा लागतो, आणि मग घरी पोचेपर्यंत आई कुणाशी बोलत नाही. बजेट नऊ लाख, फार ताणलं तर साडेनऊ, तेही ऑनरोड, म्हणजे कर-विमा धरून. हे ठरून दोन महिने झाले. तेव्हापासून रात्री साडेदहा वाजले की घरच्या ग्रुपवर आखाडा सुरू होतो. तेव्हा आमचे इथं, जर्मनीतल्या हाइलब्रॉनमध्ये, सहा वाजलेले असतात आणि मी भाजी चिरत असते.

कराडचे दाजी म्हणतात डिझेल. गावाकडचा चुलतभाऊ म्हणतो, "ताई, गाडी उंचच पायजे, बाकी काय बघू नका." पुण्यात शिकणारा भाचा इलेक्ट्रिकखाली बोलायला तयार नाही. आईची अट एकच, रंग पांढरा नको, टॅक्सी वाटते. आणि आप्पांच्या मनात सात सीटची गाडी आहे. अडीच-तीन लाख वाढतील, एखादी एफडी मोडू म्हणतात. का, तर "तुम्ही चौघं आलात की सगळे एकत्र मावतो."

म्हणजे या सगळ्या घोळाचं कारण मीच. मी वर्षातून अठरा दिवस येते. उरलेले ३४७ दिवस त्या गाडीत आप्पा आणि आई, फार तर शेजारच्या काकू. साताऱ्यातल्या साताऱ्यात शाहूपुरीतून राजवाडा, पोवई नाका, महिन्यातून एकदा कराडला ताईकडे, दोनदा परळीच्या पुढं गावाला. मी त्यांना जुन्या गाडीच्या सर्व्हिसिंगच्या पावत्या काढायला लावल्या आणि त्यावरचे किलोमीटर बघितले. महिन्याला सरासरी पाचशे. हा आकडा ग्रुपवर टाकला तर त्या रात्री कुणीच काही लिहिलं नाही.

कारण या एका आकड्यानं निम्मा वाद मिटतो. वर्षाला सहा हजार किलोमीटर. पेट्रोलची गाडी गावात लिटरला पंधरा देते धरलं, तर चारशे लिटर, म्हणजे १०५ रुपयांच्या भावानं ४२ हजार. तीच गाडी सीएनजीवर किलोला बावीस धरा, भाव नव्वद धरा, साधारण साडेचोवीस हजार. वर्षाला साडेसतरा हजार वाचतात. पण सीएनजी मॉडेलला सुरुवातीलाच नव्वद-पंचाण्णव हजार जास्त मोजलेले असतात. ते फिटायला पाच वर्षांच्या वर जातात, आणि तोवर पंपावरची रांग आणि घाटात मंदावलेली गाडी आहेच. हाच हिशोब चुलतभावाला लावा. तो रोज भाजी घेऊन साठ किलोमीटर फिरतो, वर्षाला वीस हजारांच्या घरात. त्याचे जादाचे पैसे दोन वर्षांच्या आत वसूल. त्यानं डोळे झाकून सीएनजी घ्यावी. त्याला हवी आहे ती उंच गाडी, तो भाग वेगळा.

दाजींच्या डिझेलला तर मी थेट विरोध केला. बीएस-सिक्स, म्हणजे धुराच्या नव्या नियमांत बसणाऱ्या डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारा एक फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी मधूनमधून हायवेला सलग तापावी लागते. राजवाड्यापर्यंत तीन किलोमीटर जाऊन मंडईपाशी बंद होणाऱ्या गाडीत तो तुंबत जातो. शिवाय महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला रस्ता कर ११ टक्के आणि डिझेलला १३. दाजी स्वतः महिन्याला तीन हजार किलोमीटर मारतात, त्यांना डिझेल शोभतं. इलेक्ट्रिकचंही तेच, जितकी जास्त पळेल तितकी परवडते. भाच्याला मी एवढंच म्हटलं, तू कमवायला लाग, मग बघू.

सात सीटच्या गाडीची मात्र मला थोडी चीड आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवर, म्हणजे पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १५०० पर्यंत, जीएसटी १८ टक्के झाला. त्यापेक्षा मोठ्यांना ४० टक्के. नऊ लाखांच्या माणसानं या रेषेपलीकडं जायला सबळ कारण लागतं. चार मीटरच्या आत सात सीट बसवलेली रेनोची ट्रायबर आहे, पण तिच्यात सातही जण बसले की मागं सामानाला ८४ लिटर जागा उरते. आम्ही चौघं येतो ते सहा बॅगा घेऊन. त्यातली एकही धड मावणार नाही. म्हणजे आम्हाला विमानतळावरून आणायला सात सीट हव्यात, आणि तिथंच ती गाडी नापास.

मी म्हटलं, आप्पा, त्या दिवशी मोठी गाडी भाड्यानं करा. मुंबईच्या एका फेरीचे बारा-पंधरा हजार जातील, दरवर्षी केली तरी तीन लाखांत वीस वर्षं निघतात. आप्पा म्हणाले, "आणि लेकीला आणायला भाड्याची गाडी न्यायची?"

या वाक्यावर माझ्याकडं हिशोब नाही.

परदेशातून सल्ला देणाऱ्याचा सूर कसा लागतो ते मला ठाऊक आहे. "आमच्याकडं ना..." असं सुरू होतं आणि समोरचा मनातल्या मनात फोन ठेवतो. माझी इथली गाडी सहा वर्षं जुनी, तिसऱ्या हातातली घेतलेली. कुणी नाक मुरडलं नाही. म्हणून मी आप्पांनाही सेकंडहँड सुचवली होती. पण नीट विचार केल्यावर ते मागं घेतलं. इथं नवी गाडी तीन वर्षांची झाली की तपासणी, मग दर दोन वर्षांनी. पुढची तपासणी कधी, ते नंबरप्लेटवरच्या रंगीत गोल स्टिकरवरच दिसतं. ब्रेक, चेसिसचा गंज, धूर, सगळं तिऱ्हाईत माणूस बघतो. आपल्याकडं खासगी गाडीची अशी तपासणी थेट पंधराव्या वर्षी, नोंदणी नव्यानं करताना. तोवर विकणाऱ्याचा शब्द आणि "डॉक्टरांनी वापरलेली, सिंगल ओनर" ही जाहिरात. आप्पांचा अविश्वास जुनाट वाटतो, पण त्याला आधार आहे.

गाडीच्या उंचीच्या बाबतीतही मी हरले. वर्षानुवर्षं सांगत आले की एसयूव्ही हा मिरवायचा प्रकार. मागच्या वेळी परळीच्या पुढच्या एका स्पीडब्रेकरवर आमची भरलेली गाडी खालून अशी घासली की पोरं किंचाळली. माझी हाइलब्रॉनची गाडी तर तिथं आडवीच अडकली असती. चुलतभावाला मी हे अजून सांगितलेलं नाही.

पण एका मुद्द्यावर मी हटणार नाही, तो मागच्या सीटचा. हल्ली प्रत्येक जण पहिल्यांदा विचारतो, सुरक्षिततेचे किती स्टार? चांगलं आहे. २०१४ साली ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेनं आपल्या लोकप्रिय छोट्या गाड्या आपटून शून्य स्टार दिले, तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. २०२३ पासून आपलं स्वतःचं भारत एनकॅप आहे. पण ते स्टार मिळतात तेव्हा आतल्या पुतळ्यांना बेल्ट लावलेला असतो. आणि आपण काय करतो? गाडी शोरूममधून निघते ती थेट सीट कव्हरवाल्याकडं, आणि मागच्या बेल्टची खाच कव्हराखाली कायमची गडप होते. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले ते मागच्या सीटवर, बेल्ट न लावता. महिनाभर देशभर चर्चा झाली. त्या दिवाळीत मी घरी आले तर कव्हराखालून खाच काढायला स्क्रूड्रायव्हर लागला. माझी सात वर्षांची मुलगी आजोबांना "बेल्ट लावल्याशिवाय निघायचं नाही" म्हणते तेव्हा सगळे कौतुकानं हसतात, आणि बेल्ट लावते ती एकटीच. बंपरच्या पुढं लावायचा तो लोखंडी गार्ड तर आमच्या आळीत दर तिसऱ्या गाडीला आहे. बंदी २०१७ पासूनची. धडक बसली की एअरबॅगच्या सेन्सरला तिची खबर नीट पोचू न देणं, एवढंच काम तो चोख करतो.

ग्रुपवर मी लिहिलं, कोणतीही घ्या, पण खरेदीच्या दिवशी सीट कव्हर बसवायचं नाही. आईनं अंगठा पाठवला. सीट कव्हरच्या दुकानवाल्याशी ओळख असलेल्या दाजींनी काही पाठवलं नाही.

परवा आप्पा आपणहून ट्रायलला गेले. शोरूमवाला हायवेकडं वळवत होता, यांनी त्याला बोगद्याकडून यवतेश्वरच्या घाटात नेलं, आईला आणि काकूंना मागं बसवून, एसी चालू ठेवून. आधी क्लचवाली, मग त्याच गाडीची एएमटी, म्हणजे गिअर आपोआप बदलणारी. फोनवर निकाल सांगितला. "दुसऱ्या वळणावर ती आपोआप गिअरवाली जरा विचारात पडते गं. क्लचवालीच बरी. उतरताना दुसऱ्यात टाकली, ब्रेकला पायसुद्धा लावावा लागला नाही." पाच सीट, चार मीटरच्या आत, पेट्रोल. उंच आहे. सात सीटचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

रात्री त्यांचा एक फोटो आला. शोरूममधल्या गाडीची मागची सीट, पाठ आणि बैठक यांच्या फटीत त्यांचं बोट घातलेलं. खाली लिहिलं होतं, "पोरांच्या सीटचं ते आयसोफिक्स म्हणजे हीच लोखंडी कडी ना? दोन्ही बाजूंना आहे. मोजून बघितली."