व्हार्टन की एलएसई? आधी दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम उघडा

मार्च संपता संपता निकाल लागतात आणि माझ्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या नावांनी येऊन पडतो. "दोन्हीकडे मिळालंय, कुठं जाऊ?" उत्तर घाईने हवं असतं, कारण बहुतेक अमेरिकन विद्यापीठांना १ मेपर्यंत होकार कळवायचा असतो. यंदा प्रश्न घरातूनच आला. भाचीला व्हार्टन (अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया, म्हणजे 'पेन' विद्यापीठाचा भाग) आणि एलएसई (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स), दोन्ही मिळालं. ताईने चार रँकिंगचे स्क्रीनशॉट पाठवले, चारांत चार क्रम.

मी भाचीला विचारलं, तुला शिकायचंय काय?
"इकॉनॉमिक्स. दोन्हीकडे तेच आहे ना, मावशी."

गोची इथेच आहे. व्हार्टनच्या पदवीचं नाव 'बॅचलर ऑफ सायन्स इन इकॉनॉमिक्स' आहे खरं, पण ही १८८१ पासूनची बिझनेस स्कूल आहे. शिकायचं असतं फायनान्स, अकाउंटिंग, मार्केटिंग, मॅनेजमेंट. त्याच पेन विद्यापीठात अर्थशास्त्राचा विभाग वेगळा आहे, आणि तिथली पदवी बीए! उलट हार्वर्डची बिझनेस स्कूल जगभर गाजलेली, पण बारावीनंतर तिथे कुणालाच प्रवेश नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांपैकी कुठेच पदवीला बिझनेस हा मेजर (मुख्य विषय) नाही, म्हणून बँकेत किंवा कन्सल्टिंगमध्ये जायचं ठरवलेली कितीतरी मुलं तिथे इकॉनॉमिक्स घेऊन बसतात. ऑक्सफर्डला नुसतं अर्थशास्त्र मिळतच नाही. पीपीई (तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र एकत्र) घ्या, नाहीतर मॅनेजमेंट किंवा इतिहासासारखी जोडी. केंब्रिजला मात्र १९०३ पासून अर्थशास्त्राचा स्वतंत्र ट्रायपॉस (तिथला पदवी अभ्यासक्रम) आहे, अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शलने भांडून मिळवलेला.

हे मी एवढं पोटतिडकीने सांगते, कारण मी स्वतः फसले होते. 'कंपन्या कशा चालतात ते कळेल' म्हणून अर्थशास्त्राला गेले. दुसऱ्या वर्षी लाग्रांज मल्टिप्लायर नावाचं गणिती तंत्र समोर आलं, मग मॅट्रिक्स, मग इकॉनोमेट्रिक्स (आकडेवारीने अर्थशास्त्र तपासण्याचं शास्त्र). कंपनी कुठेच नव्हती, होता तो फक्त उत्पादनाच्या गणिती सूत्रातला एक 'एफ'. पुढे मी त्याच विषयात रमले, हा नशिबाचा भाग. माझ्या वर्गातले निम्मे रमले नाहीत.

म्हणून माझं मत असं, की विद्यापीठ नंतर, आधी विषय. आणि विषय कळतो तो दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात. पहिलं वर्ष सगळीकडे गोड असतं.

दुसरी गोष्ट, मन बदललं तर काय? एलएसईची पदवी ३ वर्षांची आणि विषय पहिल्या दिवसापासून ठरलेला. एका वर्षाची फी वाचते, पण मध्येच वाट बदलणं अवघड. अमेरिकेत ४ वर्षं, आणि बऱ्याच ठिकाणी मेजर दुसऱ्या वर्षात ठरवता येतो. स्वतःचं मन अजून नक्की नसलेल्या मुलाला हा मोकळेपणा कोणत्याही रँकिंगपेक्षा मोलाचा वाटतो मला.

नावाचा फायदा नसतो असं मी म्हणत नाही. डेल आणि क्रूगर या संशोधकांच्या २००२ च्या अभ्यासात दिसलं होतं, की नामांकित कॉलेजांत प्रवेश मिळूनही कमी निवडक कॉलेजात गेलेली मुलं पुढे सरासरी तेवढंच कमावतात. गरीब घरच्या मुलांना मात्र नामांकित कॉलेजचा फायदा झाला होता. २०२३ मध्ये चेट्टी, डेमिंग आणि फ्रीडमन या अर्थतज्ज्ञांनी आयव्ही लीगसह (हार्वर्ड, येलसारखी आठ जुनी विद्यापीठं) १२ विद्यापीठं तपासली. उत्तम सरकारी विद्यापीठांच्या तुलनेत सरासरी कमाईत फारसा फरक नव्हता, पण वरच्या १ टक्क्यात पोहोचण्याची शक्यता सुमारे निम्म्याने जास्त. म्हणजे नाव उपयोगी पडतं ते एका अरुंद दारातून आत जायला. पण हा फरक नामांकित आणि इतर यांच्यातला. व्हार्टन की एलएसई अशी दोन मोठी नावंच समोर असताना तो हिशेब कशाला?

(परदेशी मुलांसाठी एक टीप. अमेरिकेत काही विभागांनी आपली पदवी 'इकॉनोमेट्रिक्स अँड क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स' या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) वर्गात नोंदवली आहे. तसं असेल तर शिक्षणानंतर १२ महिन्यांऐवजी ३६ महिने काम करता येतं. विभागाला ईमेल करून विचारा.)

भाचीने दोन्हीकडचे अभ्यासक्रम आठवडाभर वाचले. मला वाटलं होतं एलएसई घेईल, मनातून तशी इच्छाही होती. काल फोन आला. "मावशी, एलएसईकडचं मॅट्रिक्स वाचताना मला झोप आली गं. पण अकाउंटिंगची एक केस रात्री दोनपर्यंत सोडवत बसले."

व्हार्टनला होकार गेला. ताई खूश आहे. तिच्या मते ते रँकिंगमुळेच ठरलं.