पिस्तुलाच्या परवान्यावर फोटो हवाच कशाला?

अमेरिकेत कपड्यांखाली पिस्तूल बाळगायचा परवाना राज्य सरकारच्या कायद्यानं मिळतो. त्यावर धारकाचा फोटो असावा की नाही, हेही राज्यच ठरवतं. फ्लोरिडाच्या कार्डावर रंगीत फोटो असतो, व्हर्जिनियाच्या रहिवाशाच्या परवान्यावर नसतो. मग ‘कुणीही दुसऱ्याचं कार्ड वापरेल’ ही भीती बोलून दाखवली जाते. माझ्या मते ती चुकीच्या जागी आहे.

व्हर्जिनियात हा परवाना सर्किट कोर्ट देतं. फी जास्तीत जास्त ५० डॉलर, मुदत ५ वर्षं. त्यावर नाव, पत्ता, जन्मतारीख, उंची, वजन, केसांचा आणि डोळ्यांचा रंग असतो. पोलिसानं मागितल्यावर मात्र नुसता परवाना चालत नाही, सोबत सरकारी फोटो ओळखपत्रही दाखवावं लागतं, नाहीतर २५ डॉलर दंड. बहुतेकांजवळ ड्रायव्हिंग लायसन्स असतंच. म्हणजे चेहरा तपासला जातोच, फक्त दुसऱ्या कार्डावर.

फोटोवरून कळतं ते एवढंच, की समोरचा माणूस तोच आहे. परवाना आज चालू आहे का, ते कळत नाही. धारकापासून दुसऱ्याला धोका आहे म्हणून त्याच्याविरुद्ध कोर्टाचा संरक्षण आदेश निघाला, की त्यानं परवाना कोर्टात जमा करायचा असतो. त्यानं तो केलाच नाही, तर कार्ड खिशातच राहतं, आणि त्यावर फोटो असेल तर बघणाऱ्याला ते अधिकच खरं वाटतं. यावर इलाज आहे तो नोंदीचा. कोर्टाकडून आलेली माहिती राज्य पोलीस आपल्या व्हीसीआयएन या संगणक यंत्रणेत घालतात, आणि परवाना आहे का, त्याची आजची स्थिती काय, हे पोलिसांना तिथं दिसतं. पैसा आणि मनुष्यबळ घालायचं तर ही नोंद वेळच्या वेळी अद्ययावत ठेवण्यावर घाला!

याच कायद्यातली आणखी एक तरतूद पाहा. अर्जावर ४५ दिवसांत निर्णय झाला नाही, तर कोर्टाचा क्लार्क मुदत संपल्याचं प्रमाणित करून अर्जाची प्रत अर्जदाराला पाठवतो. हा साधा कागद फोटो ओळखपत्रासोबत ९० दिवस परवाना म्हणून चालतो. फोटो सक्तीचा केला तर ही सोय कशी टिकणार? नूतनीकरणाचा अर्ज टपालानं पाठवता येतो, तिथंही फोटो काढायला हेलपाटा आलाच.

राज्याबाहेरच्या अर्जदाराची गोष्ट वेगळी. त्याला परवाना राज्य पोलीस देतात, अर्जासोबत दोन फोटो घेतात आणि परवान्यावरही फोटो असतो. हे मला पटतं, कारण त्याचं ड्रायव्हिंग लायसन्स व्हर्जिनियानं दिलेलं नसतं.

तिथल्या मराठी मंडळींनी एक ध्यानात ठेवावं. हा परवाना ग्रीन कार्डधारकाला मिळू शकतो, एच-वन-बीवर असलेल्याला नाही. आणि मधलं नाव सांभाळा. एका कागदावर वडिलांचं पूर्ण नाव आणि दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर असेल, तर रस्त्यावर दोन्ही कागद ताडून बघताना विनाकारण खोळंबा होतो. अर्ज लायसन्सवरच्या नावानंच भरा.

सुधारणा करायचीच असेल तर वॉशिंग्टन राज्याकडे बघावं. तिथं अर्जाच्या वेळी ओळखीसाठी ड्रायव्हिंग लायसन्स दाखवलं असेल, तर त्याचा क्रमांक परवान्यावर येतो. व्हर्जिनियाच्या विधिमंडळानं एवढी एक ओळ कायद्यात घातली, तर दोन्ही कार्डं एकाच माणसाची आहेत हे पोलिसाला तिथल्या तिथं पटेल, आणि एकाही कोर्टाला कॅमेरा घ्यावा लागणार नाही.